इकडे सर्व खुशाल

दसरा झाला की घरातल्या ट्रंका अंगणात काढायच्या आणि आतल्या सगळ्या जिनसांना ऊन दाखवायचे, हा माझ्या सासूबाईंचा शिरस्ता. त्यांना जाऊन आता किती वर्षे झाली, पण मी तो मोडलेला नाही. यंदाही मोठी लोखंडी ट्रंक उघडली, साड्या बाजेवर पसरल्या, आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला तो गठ्ठा हाती लागला. गाठ सोडण्याआधीच वास आला. उग्र, कुबट, नाकात घर करून बसणारा. इतकी वर्षे झाली, पण तो वास काही जात नाही.

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई, झुरळांचे औषध सांडले का कुठे?"

"नाही गं," मी म्हटले, "तुझ्या सासऱ्यांची प्रेमपत्रे आहेत."

प्रेमपत्रे म्हटले खरे, पण त्यात प्रेमाचा शब्द शोधायला भिंग घेऊन बसावे लागेल. बोंडअळी, तुडतुडे, मावा, टोळ, गव्हातले सोंडे, डाळीतले भुंगेरे, सगळे सापडेल. मी मात्र शेवटच्या ओळीत. तीही असलीच तर!

आमचे हे केंद्र सरकारच्या पीक संरक्षण खात्यात होते. १९६९ साली लग्न होऊन मी अकोल्याहून धामणगावला आले. त्याच वर्षी अकोल्याला कृषी विद्यापीठ निघाले होते, त्यामुळे माझ्या माहेरी शेतकी खात्यातल्या जावयाचे फार कौतुक. इकडे सासरी मात्र सासूबाईंना मुलाची नोकरी शेवटपर्यंत नीट कळली नाही. कुणी विचारले की त्या सांगायच्या, "किडे मारते सरकारचे." आणि वर स्वतःच आश्चर्य करायच्या, "आता किडे मारायले काय पगार लागते बापा? आमी तं जन्मभर फुकटच मारले."

धामणगाव तुमच्यापैकी पुष्कळजणींनी गाडीतूनच पाहिले असेल. मुंबई–नागपूर मार्गावर बडनेरा गेले की वर्ध्याच्या अलीकडे लागते. गावाचे नावच 'धामणगाव रेल्वे'. स्टेशन नसते तर आमचे नावसुद्धा अर्धेच राहिले असते. दिवाळीनंतर कापसाच्या बंड्यांची रांग लागायची, जिनांचे भोंगे वाजायचे, आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर सरकीची रुई येऊन चिकटायची. अशा कापसाच्या गावातल्या माणसाला सरकारने कापसाच्या किडीवरच नेमावे यात नवल नव्हते. १९७० साली सुरतेच्या डॉ. सी. टी. पटेलांचा 'संकर-४' कापूस आला. जगातला पहिला संकरित कापूस तो, लागवडीसाठी विकला गेलेला. पीक भरघोस येई, पण त्या हिरव्यागार, लुसलुशीत झाडावर किडीही तेवढ्याच तुटून पडत. आमच्या जुन्या देशी कापसाला कधी फवारणी माहीत नव्हती. आता गावोगाव पंप आले, आणि पंपाबरोबर आमच्या ह्यांच्या फिरत्या आल्या. दारव्हा, दिग्रस, पुसद, वाशीम. महिन्यातले वीस दिवस बाहेर.

पत्रे यायची ती पोस्टकार्डावर, आणि माझ्या नावाने नाहीत. एकत्र कुटुंबात नवऱ्याने बायकोला वेगळे पत्र लिहिणे म्हणजे उघडउघड निर्लज्जपणा! 'तीर्थरूप बाबांचे सेवेशी, बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी सुरुवात, मग पाऊसपाणी, मग किडी, आणि अगदी शेवटी 'सौ. हिस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल.' मामंजी ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचत. मी माजघरात दाराआड उभी. ती एक ओळ ऐकायला मी आधीची पंधरा ओळी बोंडअळी ऐकून घ्यायची. शेंदरी अळी बोंडाच्या आत शिरून सरकी खाते, ठिपक्यांची अळी कोवळे शेंडे पोखरते, हिरवी अळी एका बोंडावर न थांबता दुसऱ्यावर जाते. मला हे सारे असे तोंडपाठ झाले, की भाजीवालीच्या टोपलीतला भेंडीचा किडका शेंडा पाहून मी किडीचे नाव सांगू लागले. भाजीवाली म्हणाली, "घ्यायची हाये का नाई, ते सांगा बाई."

मामंजी गेल्यावर पत्रे माझ्या नावाने येऊ लागली. आता तरी काही निराळे लिहितील असे वाटले. कसले काय! पहिलेच अंतर्देशीय पत्र आले ते गहू साठवण्याबद्दल. तेव्हा सरकारची धान्य वाचवा मोहीम चालू होती, आणि ह्यांनी ती आधी घरात चालवली. ते पत्र आज पुन्हा वाचले आणि हसू आले, पण खरे सांगते, त्यातले एक अक्षरही चुकीचे नाही. गहू असा वाळवावा की दाताखाली कडकन फुटला पाहिजे. उन्हातून काढला की लगेच कोठीत भरायचा नाही, रात्रभर पसरून गार होऊ द्यायचा. गरम धान्य भरले तर त्याला आत घाम सुटतो आणि त्या ओलीवर कीड पोसते. कोठी भिंतीला चिकटवून ठेवायची नाही, खाली लाकडी पाट हवा. डाळीला एरंडेलाचे बोट. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून. आणि त्याखाली दोन रेघा ओढून लिहिलेले: "कोणी कितीही सांगितले तरी धान्यात गॅमेक्झिन पावडर मिसळायची नाही. शेजारच्या काकू मिसळत असतील तर त्यांच्याकडचे दळण आणायचे नाही."

शेजारच्या काकू खरोखरच मिसळत असत. त्या काळी पुष्कळ घरी मिसळत. पावडर पांढरी, स्वस्त, किडे पटापट मरत. ते पोटात जाते हे कुणाच्या ध्यानात येत नसे. शेतीतला तिचा वापर सरकारने बंद केला तो १९९७ साली. ह्यांनी घरात बंद केला १९७३ सालीच, आणि काकूंनी आमच्याशी सहा महिने बोलणे बंद केले ते त्याच वर्षी.

पण स्वतःच्या अंगावर मात्र तीच पावडर घेऊन हे घरी यायचे. फिरतीचे कपडे मी वेगळ्या घमेल्यात भिजवायची, मुलांच्या कपड्यांत कधी मिसळले नाहीत. मैत्रिणींनो, ज्यांच्या घरची माणसे आजही शेतात फवारणीला जातात, त्यांनी एवढे तरी कराच. हातात पिशवी घालून ते कपडे वेगळे धुवा, आणि पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नका.

आता १९७८ सालाकडे येते. गठ्ठ्यातली तीच पत्रे सर्वांत वरती होती.

त्या वर्षी राजस्थानच्या वाळवंटात टोळ उठले. टोळांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची वेगळी संस्थाच आहे, १९३९ सालापासूनची, मुख्य ठाणे जोधपूरला. बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, फलोदी, भूज अशी तिची ठाणी. माणसे कमी पडली की आमच्या खात्यातून पाठवत. ह्यांचा नंबर लागला. जून महिन्यात, घरात ज्वारी पेरणीची धांदल, मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा, आणि हे ट्रंक घेऊन भुसावळकडच्या गाडीत बसले. पुढे सुरत, अहमदाबाद, तिथून लहान गाडीने जोधपूर. सासूबाईंनी बरोबर तिखट, शेंगदाण्याची चटणी आणि चार शेर लाडू दिले. लाडू सुरतेलाच संपले, असे पहिल्या पत्रात होते.

त्या पत्रांतून मी वाळवंट पाहिले, असे म्हटले तरी चालेल. कोसच्या कोस वाळू. खेजडीची झाडे, तिच्या सांगरीची भाजी. पाणी उंटावरून येते, त्यात दाढी करायची की चहा करायचा ते ठरवावे लागते. टोळाची मादी ओल्या वाळूत शेपूट खुपसून वीतभर खाली अंड्यांचा पुंजका घालते. साठ-सत्तर अंडी. पंधरा दिवसांत पिल्ले बाहेर. त्यांना पंख नसतात, पण ती पलटणीसारखी एका दिशेने चालत सुटतात, वाटेत चर खणून ठेवला तर त्यात पडतात आणि मग त्यांच्यावर पावडर टाकतात. पाच वेळा कात टाकली की पंख. आधी गुलाबी, मग पिवळा. एका चौरस किलोमीटरच्या झुंडीत चार ते आठ कोटी टोळ, आणि एकेक आपल्या वजनाइतके, म्हणजे दोन ग्रॅम, रोज खातो. हिशोब तुम्हीच करा!

एका पत्रात लिहिले होते की हाच टोळ एकटा असला तर अगदी गरीब असतो, रंगानेही मातकट, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. पाऊस झाला, संख्या वाढली, एकमेकांची अंगे घासू लागली की त्याचा रंग बदलतो, स्वभाव बदलतो, आणि झुंड होते. पूर्वी शास्त्रज्ञांना हे दोन निराळे किडे वाटत. उवारोव्ह नावाच्या रशियातून आलेल्या शास्त्रज्ञाने १९२१ साली दोन्ही एकच असल्याचे दाखवले. हे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या भाकर थापताना थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यात काय नवल? माणसाचं काय निराळं हाये?"

आणखी एक पत्र मला फार आवडते. भारत–पाकिस्तानच्या टोळ अधिकाऱ्यांची तेव्हा दर महिन्याला सरहद्दीवर बैठक होत असे, पावसाळ्याचे चारसहा महिने. एकदा आपल्या मुनाबावला, एकदा त्यांच्या खोखरापारला. १९७७ सालापासून ही प्रथा सुरू झाली होती. टोळाला सरहद्द कळत नाही, तिकडे अंडी घातली तर इकडे झुंड येते, म्हणून दोघांनी एकमेकांना खबर द्यायची. आमचे हे मोठे अधिकारी नव्हते, नकाशे धरायला बरोबर गेले होते. लिहितात, "रुळ आहेत पण त्यावरून गाडी १९६५ पासून गेलेली नाही. तिकडचा एक गृहस्थ माझ्याच वयाचा. त्याचेही कपडे तसेच वास मारत होते. त्याने विचारले, मुले किती? मी सांगितले दोन. त्याला चार. मग पुन्हा टोळांवर बोललो." बस, एवढेच. माझ्या नवऱ्याने आयुष्यात लिहिलेले सर्वांत मोकळे वाक्य हेच असावे.

पोळा आठ दिवसांवर आला असताना मोठीला ताप भरला. आधी वाटले पावसाचे आहे. तीन दिवसांनी उतरेना तेव्हा डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबले आणि विषमज्वर म्हणाले. रक्त तपासायला अमरावतीला न्यावे लागले. पॅसेंजरने बडनेऱ्यापर्यंत, पोर मांडीवर, धाकटा दिराकडे टाकलेला. क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल सुरू झाल्या. तरी ताप एकशे चारच्या खाली येईना. रात्री ती काहीबाही बडबडायची. "बाबांची गाडी आली, बाबांची गाडी आली" म्हणून उठून बसायची. घर स्टेशनपासून जवळ, रात्रभर मालगाड्या जायच्या, आणि प्रत्येक शिट्टीला हे.

मी तार करायला निघाले होते. चप्पल पायात घातली होती. सासूबाईंनी दाराशी धरले.

"त्याले काई कळवजो नको. वाळूत बसला हाये पोरगा. तार भेटन चार दिसानं, निघन तो, पोचन आणखी चार दिसानं. तवरिक त्याच्या जिवाचं काय होईन? आन् तो इथं येऊन काय करन? तो का डॉक्टर हाये?"

मला राग आला, पण म्हणणे खोटे नव्हते. आणि मनातून मलाही वाटत होते की, जरा मीच निभावून दाखवीन. हा अहंकार होता, आता कबूल करायला हरकत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळ्या गल्लीतली मुले लाकडी नंदी सजवून ओढत होती. आमची खिडकीशी बाजेवर, डोळे अर्धवट मिटलेले. तेवढ्यात पोस्टमन आला. अंतर्देशीय पत्र. मी अधीरपणे फोडले. दोन पाने टोळाच्या पिल्लांची कात! पहिली कात, दुसरी कात, कोणत्या कातीनंतर पंखांचे कोंब दिसतात. अक्षर वेडेवाकडे, ओळी खाली गेलेल्या, आणि कंसात लिहिलेले: 'जीपमध्ये लिहीत आहे म्हणून अक्षर हलते.' शेवटी: 'गव्हाला ऊन दाखवलेस का? इकडे सर्व खुशाल.'

बायांनो, मी ते पत्र चुलीत घालायला उचलले होते. घातले नाही, कारण पलीकडच्या बाजूला पत्ता होता आणि पुढचे उत्तर त्यावर धाडायचे होते. एवढेच कारण, दुसरे मोठेपणाचे काही नाही.

त्याच रात्री कंदिलाजवळ बसून उत्तर लिहिले. वीज गेलेली होती. 'पोळा छान झाला. मुलांनी नंदी ओढले. गव्हाला ऊन दाखवले. इकडे सर्व खुशाल.' चार वाक्ये, चारही खोटी. गव्हाला तर त्या वर्षी ऊन दाखवलेच गेले नाही, आणि निम्मा गहू सोंड्यांनी खाल्ला.

एकविसाव्या दिवशी ताप उतरला. पोर वाचली. पण डोक्यावरचे केस मुठीमुठीने गळू लागले, शेवटी न्हाव्याला बोलावून बारीक करून टाकले.

हे आले ते दिवाळीनंतर. आम्ही सगळे स्टेशनवर. गाडीतून उतरलेला माणूस मी आधी ओळखलाच नाही, इतके वाळले होते. बरोबर नांदेडकडचे एक सहकारी, पुढे नागपूरला जायचे होते पण सामान उतरवायला खाली आले. ह्यांनी मुलीला उचलले आणि डोक्यावरून हात फिरवला.

"हिचे केस का कापले?"

"उवा झाल्या होत्या," मी म्हटले.

तेवढ्यात ते सहकारी मला हळूच म्हणाले, "वहिनी, आता थोडे दिवस ह्यांना जपा. ऑगस्टात आठ दिवस दवाखान्यात होते, आम्ही आशाच सोडली होती." गाडीने शिट्टी दिली, ते चढले, गेले. माझ्या हातात पिशवी तशीच.

रात्री मुले झोपल्यावर मी पत्र काढून पुढे ठेवले.

"ही जीप कुठे होती?"

बराच वेळ बोलले नाहीत. मग सांगितले. पहाटेची फवारणी होती. टोळ रात्री झाडाझुडपांवर बसतात, ऊन तापेपर्यंत उडत नाहीत, तेव्हाच औषध मारावे लागते. तोंडावरची पट्टी उकाड्याने काढून ह्यांनीच खिशात कोंबली होती. वारा फिरला. दुपारपर्यंत घाम, उलट्या, हातापायांना कंप. पुढचे दोन दिवस आठवत नाहीत. पत्र चौथ्या दिवशी खाटेवर बसून लिहिले. हात थरथरत होते, म्हणून जीप.

"आणि कात कशाला लिहिली दोन पाने?"

"दुसरे काय लिहिणार? खरे लिहायचे नव्हते. आणि थोडके लिहिले असते तर तुला संशय आला असता."

मी पत्रावरची तारीख पाहिली. पोरीला ताप भरला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मग मीही सांगितले. उवा नव्हत्या म्हणून. हे उठून मुलीच्या अंथरुणाशी जाऊन बसले ते पहाटेपर्यंत तिथेच. माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. दोन दिवस घरात असा अबोला होता की सासूबाईंनी शेवटी विचारले, "काहून? गव्हाचं कळलं का त्याले?"

तिसऱ्या दिवशी भांडण झाले, कडाक्याचे. ते म्हणत, मुलीचे कळवायला हवे होते. मी म्हणे, तुमचे कळवायला हवे होते. शेवटी कोण कुणाला क्षमा करणार असा प्रश्न होता, तो आजही सुटलेला नाही. पण त्यातून एक ठरले. शेवटी 'सर्व खुशाल' लिहायचेच, कारण पत्र कुणाच्याही हाती पडते, सासूबाईंना वाचून दाखवायचे असते. पण खरोखर खुशाल असेल तरच त्या 'खुशाल'खाली रेघ मारायची. रेघ नसेल तर समजायचे.

त्यानंतरच्या प्रत्येक पत्राला रेघ आहे. काल सगळी पाहिली. कुठे पेनाची, कुठे पेन्सिलची, एका पत्राला तर भाकरीच्या तव्याची काजळी बोटाला लागलेली, ती माझी. मुंजी, लग्ने, बदल्या, सासूबाईंचे दुखणे, रेघ नसलेली माझी चारपाच पत्रे आहेत. ह्यांचे फक्त एक.

१९९७ सालचे ते पत्र. तेव्हा समोरच्या दुकानात फोन आला होता, पण ह्यांनी पत्रच लिहिले. यवतमाळ जिल्ह्यात फिरती होती. त्या हंगामात हिरवी बोंडअळी काही केल्या मरेना. शेतकरी सहा-सहा फवारण्या करत, उधारीवर औषध आणत, दोन औषधे एकत्र करून मारत. अळी औषधाला सरावली होती. वर्षानुवर्षे एकच औषध मारले की जी अळी वाचते तिचीच पिल्ले उरतात, हे ह्यांना आधीपासून कळत होते, सभांमधून सांगतही होते. पत्रात चारच ओळी. 'ज्या घरी मुक्काम होता तेथील मालक परवा गेला. मी सांगितलेल्याच औषधाने. प्यायला. इकडे सर्व खुशाल.' खाली रेघ नाही.

सकाळची पहिली यवतमाळची एस.टी. पकडली. डबा बरोबर घेतला होता, तो परत तसाच आणला. हे त्या गावच्या शाळेच्या ओसरीवर बसले होते. मला पाहून एवढेच म्हणाले, "रेघ मारायला विसरलो नव्हतो." त्या घरी दोघेही जाऊन आलो. त्या बाईच्या मांडीवर वर्षाचे मूल होते. ती मला म्हणाली, "साहेबाची चूक नाई बाई. साहेबानं तं कमी मारा म्हनलं होतं." तिने असे म्हणायला नको होते, तिने शिव्या दिल्या असत्या तर ह्यांना सोसले असते, असे मला वाटते.

पुढे निवृत्तीपर्यंत हे औषधांची नावे सांगेनासे झाले. निंबोळी अर्क, कामगंध सापळे, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेवर उपटा, असलेच सांगत. लोक हसत. बीटी कापूस २००२ साली आल्यावर तर अळीचे नावच नको म्हणत होते. २०१७ साली शेंदरी अळीने त्याच बीटीची बोंडे पोखरली, आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. टीव्हीवर बातमी लागली की हे उठून अंगणात जात.

आणि मग २०२० चा मे महिना. टाळेबंदी. दारे बंद, रस्ते ओस. एका सकाळी मोर्शीकडच्या भाच्याचा फोन, "मामा, आभाळ काळं झालं, टोळ हाये." मध्य प्रदेशातून झुंड अमरावती जिल्ह्यात उतरली होती, वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांवर. तिथून पुढे वर्धा, नागपूरकडे. ज्या टोळापायी हे हजार मैल लांब गेले होते तो सत्तरी उलटल्यावर आपण होऊन भेटायला आला! मी ह्यांना इतके चपळ कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. कानाला फोन लावून ओरडत होते, "दिवसा डबे वाजवा, उतरू देऊ नका. संध्याकाळी कुठल्या झाडावर बसतात ते बघून ठेवा. औषध रात्री, पहाटेच्या आत. आणि तोंडावरची पट्टी काढायची नाही! ऐकलेस का? उकडले तरी काढायची नाही!"

फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहिले नाही. अग्निशमन दलाच्या बंबांनी रात्री फवारणी झाली, राजस्थानात त्या वर्षी ड्रोनने केली असे पेपरात आले. ते कात्रण ह्यांनी जपून ठेवले आहे.

हे सगळे लिहीत बसले तोवर ऊन कलले. ह्यांना हल्ली कमी ऐकू येते, पण नाक शाबूत आहे. ओसरीवरून हाक आली, "काय उघडलेस? बी.एच.सी.चा वास येतो!"

"तुमची पत्रे."

"मग हात साबणाने धू. आणि सुनेला म्हणावे, गव्हाजवळ ठेवू नका ती."

मी पत्रे पुन्हा फडक्यात बांधली. १९७८ चे ते जीपमधले सगळ्यांत वर ठेवले. निंबाचा पाला या वर्षी अजून वाळवलेला नाही, उद्या धाकट्याला सांगून उतरवून घेते.